ट्रान्स्फरनंतर उरलेले जीई (जनरल एज्युकेशन) कोर्स कसे निवडायचे? पुढच्या गुरुवारी रजिस्ट्रेशन आहे

कोरीपाटी

नमस्कार मंडळी,

मी एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर आहे, कॅलिफोर्नियात बे एरियात मावशीकडे राहते. २०२४च्या फॉलला (शरदातल्या सेमिस्टरला) इथल्या एका कम्युनिटी कॉलेजात सुरुवात केली, मेजर, म्हणजे मुख्य विषय, कॉम्प्युटर सायन्स. या फॉलला कॅल स्टेटच्या (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या) एका कॅम्पसवर ट्रान्स्फर मिळाली आहे. पुढच्या गुरुवारी सकाळी ओरिएंटेशन आणि त्याच दुपारी रजिस्ट्रेशन.

कॉलेजच्या काउन्सेलरनी मला पहिल्या महिन्यात एक पिवळा कागद दिला होता. त्यावर जीईची, म्हणजे मेजरबाहेरच्या सक्तीच्या विषयांची, ए१, ए२, बी४, सी१, डी, एफ अशी घरं होती. कोर्स संपला, ग्रेड आला, की मी त्या घरात खूण करायची. दोन वर्षं तो कागद मी वहीत जपून ठेवलाय. ई हे एकच घर रिकामं राहिलं, कारण त्या टर्मला फिजिक्सच्या लॅबची वेळ आडवी आली. बाकी सगळं भरलंय.

काल नवं पोर्टल उघडलं तर तिथे अक्षरंच नाहीत! १ए, १बी, ३बी, ५सी असे आकडे आहेत आणि जवळजवळ प्रत्येकापुढे लाल खूण. खाली आणखी तीन ओळी: २ किंवा ५ अपर डिव्हिजन (वरच्या वर्षांचे कोर्स), ३ अपर डिव्हिजन, ४ अपर डिव्हिजन. अमेरिकन इन्स्टिट्यूशन्स म्हणून आणखी एक वेगळीच ओळ आहे. रात्री दोनपर्यंत बसून होते. दोन वर्षं जे केलं ते गेलं कुठे, हेच कळेना.

माझा बेत असा आहे. पहिलं सेमिस्टर नव्या जागी रुळण्याचं, म्हणून तिन्ही अपर डिव्हिजन जीई आत्ताच उरकून टाकायचे आणि मेजरचा एकच कोर्स घ्यायचा. तीन, तीन, तीन आणि तीन, झाले बारा युनिट. जीईचे तिन्ही कोर्स ऑनलाइन मिळताहेत, म्हणजे येण्याजाण्याचा वेळही वाचेल. ई कुठे बसवायचं ते कळत नाहीये.

हे बरोबर आहे का? सोपे जीई कोणते, हेही कुणी सांगितलं तर फार मदत होईल.


रात्रपाळी

थांब, तो बेत आधी बाजूला ठेव. एफ-१ वर असताना पूर्णवेळेच्या (बारा युनिटच्या) हिशोबात एका सेमिस्टरला ऑनलाइनचा एकच कोर्स धरतात, म्हणजे तीन युनिट. तुझे नऊ ऑनलाइन असतील तर सहा मोजलेच जाणार नाहीत. पोर्टल बारा दाखवेल, इमिग्रेशनच्या हिशोबात सहाच भरतील.

माझं हेच झालं होतं. बारा युनिट घेतले, त्यातले सहा ऑनलाइन. यादीत कोर्सच्या नावापुढे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, मी पाहिलंच नाही. वर्ग सुरू होऊन दहा दिवस झाल्यावर इंटरनॅशनल ऑफिसमधून ईमेल आली. तोवर प्रत्यक्ष वर्गातल्या सगळ्या जागा भरलेल्या. दोन दिवस मी एकेका प्रोफेसरच्या दाराशी उभा राहिलो. शेवटी एका म्युझिक हिस्टरीच्या वर्गात आठवड्यातून तीन दिवस सकाळी आठची जागा मिळाली. मी तेव्हा कॅम्पसवरच्या लायब्ररीत रात्री एकपर्यंत काम करायचो. ते सेमिस्टर कसं काढलं ते माझं मला माहीत.

दुसरं. रजिस्ट्रेशननंतर एखादा कोर्स जड वाटला तरी डीएसओला (कॅम्पसवरच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या अधिकाऱ्याला) विचारल्याशिवाय बाराच्या खाली येऊ नकोस. आधी परवानगी, मग ड्रॉप. उलट्या क्रमाने केलं तर निस्तरणं फार कठीण जातं.


जुनीवही

कोरीपाटी, आधी एक सांगते. तुझी दोन वर्षं कुठेही गेलेली नाहीत. पोर्टलवरच्या त्या लाल खुणांचा अर्थ एवढाच की अजून कुणी तुझा कागद वाचलेला नाही. तू नापास नाहीस.

माझी ओळख थोडक्यात. लग्नानंतर इथे आले, मुलगी शाळेत जायला लागल्यावर कम्युनिटी कॉलेजला नाव घातलं आणि २०१३ला तुझ्यासारखीच कॅल स्टेटला ट्रान्स्फर झाले. गेली आठ वर्षं ट्रान्स्फर विद्यार्थ्यांना कोर्स लावून देण्याचंच काम करते. दर जूनमध्ये तुझ्यासारखी मुलंमुली समोर बसतात, हातात असाच एखादा घडी पडून मऊ झालेला कागद असतो, आणि डोळे भरून आलेले असतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अक्षरांचे आकडे २०२५च्या फॉलपासून झाले. तोपर्यंत कम्युनिटी कॉलेजातून कॅल स्टेटला जाणाऱ्यांची जीई यादी वेगळी आणि यूसीला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला) जाणाऱ्यांची वेगळी होती. त्या दोन्ही मोडून एकच यादी केली, तिचं नाव कॅल-जीईटीसी: अकरा कोर्स, ३४ युनिट. त्याच वेळी कॅल स्टेटनेही आपली घरं त्याच आकड्यांत मांडली. तू २०२४ला सुरू केलंस म्हणून तुझ्या कागदावर अक्षरं आहेत. आता पेन घे आणि कागदावरच लिहून काढ. तुझं ए१, म्हणजे भाषणाचा कोर्स, आता १सी झालाय. ए२ म्हणजे इंग्लिश कॉम्पोझिशन, ते १ए. ए३ म्हणजे क्रिटिकल थिंकिंग, ते १बी. इथेच बहुतेकांची गल्लत होते, कारण क्रम फिरलाय: जुन्या यादीत पहिलं असलेलं नव्या यादीत तिसरं आहे. पुढचं सरळ आहे. बी४ गणित म्हणजे २. सी१ आणि सी२, कला आणि मानव्यविद्या, म्हणजे ३ए आणि ३बी. डी, समाजविज्ञान, म्हणजे ४. विज्ञानाचं बी१, बी२ आणि लॅबचं बी३ म्हणजे ५ए, ५बी, ५सी. एफ, एथ्निक स्टडीज, म्हणजे ६.

ई कुठे गेलं? नव्या यादीत ते घरच नाही. कॅल स्टेटमध्ये कॅटलॉगचा, म्हणजे पदवीच्या नियमांच्या त्या-त्या वर्षीच्या पुस्तिकेचा, हक्क असतो: कम्युनिटी कॉलेजात शिरलीस त्या वर्षाचा कॅटलॉग धरायचा, की या कॅम्पसवर येतेस त्या वर्षाचा, हे मध्ये खंड पडला नसेल तर तुला निवडता येतं. या वर्षाचा धरलास तर ई लागणारच नाही. जुन्या यादीत सी मध्ये तीन कोर्स लागायचे, नव्या ३ मध्ये दोनच लागतात, म्हणजे तुझा एक जास्तीचा झालाय. तोही वाया जात नाही, इलेक्टिव्ह म्हणून युनिटमध्ये धरला जातो. गुरुवारी सल्लागारासमोर बसशील तेव्हा सरळ विचार, "माझा कॅटलॉग कोणत्या वर्षाचा धरलाय?" आणि उत्तर ईमेलवर लिहून माग. तोंडी उत्तर दोन वर्षांनी पदवीचा अर्ज करताना कुणालाच आठवत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुझ्या कॉलेजने ट्रान्सक्रिप्ट पाठवलं असेल, पण जीई सर्टिफिकेशन पाठवलं का? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ट्रान्सक्रिप्ट म्हणजे कोर्स आणि ग्रेडची यादी. सर्टिफिकेशन म्हणजे तुझ्या कॉलेजने सही करून सांगणं की ही ही घरं या विद्यार्थिनीची भरली. ते आलं की कॅम्पसला ते मान्य करावंच लागतं. नाही आलं तर इथला माणूस एकेक कोर्स घेऊन जुळवत बसतो, आणि जो जुळत नाही तो इलेक्टिव्हमध्ये टाकतो. बऱ्याच कॉलेजांत हे आपण मागितल्याशिवाय निघत नाही. माझ्या वेळी मला कुणी सांगितलं नाही. मी ट्रान्सक्रिप्ट पाठवून निर्धास्त होते. माझे तीन कोर्स इलेक्टिव्हमध्ये गेले, आणि त्यातला एक मी पुन्हा केला, तोच विषय, जवळजवळ तीच प्रकरणं, सोमवार-बुधवार संध्याकाळी मुलीला शेजारी ठेवून. अर्धं सेमिस्टर उलटल्यावर कळलं की एका अर्जाने काम झालं असतं. तेव्हा उद्या सकाळी कॉलेजच्या रेकॉर्ड्स ऑफिसला फोन कर. सगळी घरं भरलेली नसतील तर भरलेल्या तेवढ्या घरांचं अर्धवट सर्टिफिकेशनही मिळतं, ते माग. स्प्रिंगचे (वसंतातल्या सेमिस्टरचे) ग्रेड लागल्यानंतरचं फायनल ट्रान्सक्रिप्टही पुन्हा पाठवायला सांग. स्प्रिंगचे युनिट चढले नसतील तर पोर्टल तुला अजून साठ युनिटच्या खाली समजत असेल, आणि अपर डिव्हिजन जीईला साधारण साठ पूर्ण लागतात. अशा वेळी रजिस्ट्रेशनचं बटण दाबलं की अडवणारी तांबडी पट्टी येते, ती त्यामुळे.

राहिले ते तीन अपर डिव्हिजन, नऊ युनिट. हे कम्युनिटी कॉलेजात होतच नाहीत, प्रत्येक ट्रान्स्फर विद्यार्थ्याला इथे येऊनच करावे लागतात. तू मागे पडलीस असं अजिबात नाही.

तुझा बेत मला का पटत नाही ते आता सांगते. रात्रपाळीने ऑनलाइनचं सांगितलंच. त्याहून मोठी गोष्ट वेगळी आहे. मेजरचे कोर्स साखळीत असतात. डेटा स्ट्रक्चर्सशिवाय अल्गोरिदम्स नाही, त्याच्या पुढचं त्याच्याशिवाय नाही, आणि शेवटचा प्रोजेक्ट बहुतेक ठिकाणी दोन सेमिस्टरचा. पहिल्या सेमिस्टरला एकच कडी घेतलीस तर पुढची सगळी साखळी सहा महिने सरकते. त्यातला एखादा कोर्स फक्त फॉललाच असेल तर वर्षभर. जीईला साखळी नाही. तिन्हीपैकी कोणताही कधीही घेता येतो. जे हलत नाही ते आधी मांडायचं आणि जे हलतं ते उरलेल्या जागेत बसवायचं. मी मुलांना कोऱ्या कागदावर चार चौकोन काढायला लावते, चार सेमिस्टरचे. आधी शेवटच्या चौकोनात शेवटचा प्रोजेक्ट लिहायचा आणि मागे मागे येत साखळी भरायची. मग प्रत्येक चौकोनात एकेक जीई. तीन चौकोनांत तीन बसतात, चौथ्यातली जीईची जागा मोकळी राहते. ती मोकळीच ठेव. कुठे काही घसरलं तर ती जागा कामाला येते.

तिन्ही एकदम न घेण्याचं आणखी एक कारण. अपर डिव्हिजन जीईमध्ये लिहायला खूप असतं. एकटा असला तर तो प्रोग्रामिंगच्या दोन जड कोर्सशेजारी विसाव्यासारखा वाटतो. तीन एकत्र आले की नवव्या-दहाव्या आठवड्यात तिन्ही पेपर एकाच शुक्रवारी मागतात.

अमेरिकन इन्स्टिट्यूशन्सची ओळ जीईपेक्षा वेगळी आहे, ती पदवीची अट आहे: अमेरिकेचा इतिहास, राज्यघटना आणि कॅलिफोर्नियाचं शासन. तुझ्या कॉलेजातला यूएस हिस्टरी किंवा अमेरिकन गव्हर्नमेंटचा कोर्स त्यात बसतो का ते असिस्ट डॉट ऑर्गवर (कुठला कोर्स कुठे धरतात ते दाखवणाऱ्या साइटवर) तुझ्या कॉलेजच्या नावाने बघ. एखादा भाग उरला असेल तर तोच भाग भरून काढणारा ४चा अपर डिव्हिजन कोर्स काही कॅम्पसवर असतो. मिळाला तर एका कोर्समध्ये दोन ओळी पुसल्या जातात. शोधायला वीस मिनिटं जातील, पण वाचतील तीन युनिट.

सोपे कोणते, हे मी सांगणार नाही. सांगायला आवडलं असतं, पण एकाला सोपा तो दुसऱ्याला डोंगर, हे मी रोज बघते. कोर्सच्या नावावर जाऊ नकोस, डिपार्टमेंटकडून मागच्या वेळचा सिलॅबस मागून घे. ग्रेड कशावर आहे, पेपर किती आणि किती पानी, परीक्षा हॉलमध्ये की घरी, एवढं वाचलं की तुझं तुला कळेल. लिहायची भीती वाटत असेल तर चार छोटे पेपर असलेला घे, एकच वीस पानी पेपर असलेला नको. पहिला छोटा पेपर हातात परत आला की कुठे चुकतंय ते दिसतं आणि सावरायला वेळ राहतो.

आणि तिघांतला निदान एक मनापासून आवडेल असा घे. मी विज्ञानाच्या घरात कॅलिफोर्नियाच्या भूगर्भाचा कोर्स घेतला होता, वेळ जमत होती एवढ्याच कारणाने. एका शनिवारी प्रोफेसर आम्हाला हेवर्डमध्ये एका साध्या रस्त्याच्या कोपऱ्यावर घेऊन गेले. फुटपाथची सिमेंटची कड तिथे तुटलेली होती, आणि दोन तुकडे एकमेकांसमोर नव्हते, एक बाजूला सरकलेला. खाली हेवर्ड फॉल्ट, म्हणजे जमिनीतली भेग, आहे, तो वर्षाला साधारण अर्धा सेंटिमीटर सरकतो. १८६८ला याच फॉल्टवर मोठा भूकंप झाला होता. मी वाकून त्या दोन तुकड्यांमध्ये हात धरला, चारही बोटं सहज मावली. जमीन हलते हे शाळेत पाठ केलं होतं, त्या दिवशी हाताला लागलं. २०१६ला शहराच्या माणसांनी फुटपाथ दुरुस्त करताना ती कड काढून नवी सरळ बसवली. भूगर्भवाले कितीतरी वर्षं तिचे फोटो काढत होते, त्यांना फार वाईट वाटलं. मलाही वाटलं. मी अकाउंटिंगची विद्यार्थिनी, तो कोर्स नसता तर मी त्या कोपऱ्यावरून शंभर वेळा गाडी नेली असती आणि कधी खाली बघितलं नसतं.

गुरुवारचं एवढंच लक्षात ठेव. प्रत्येक कोर्सला दोन पर्याय कागदावर लिहून ने, सेक्शन नंबरासकट. जागा भरली असेल तर वेटलिस्टवर नाव घाल आणि पहिल्या दिवशी वर्गात जाऊन बस. पहिल्याच आठवड्यात बरीच मुलं गळतात, जो समोर बसलेला असतो त्याला परमिशन नंबर मिळतो. पण वेटलिस्टचे युनिट बारात धरू नकोस. त्याशिवाय बारा पूर्ण असू देत.


पाऊलवाट

जुनीवहीताईंनी सगळं लिहिलंच आहे. हा धागा वाचून कुणी यूसीला जाणारे गोंधळू नयेत म्हणून थोडी भर घालतो. माझी मुलगी दोन वर्षांपूर्वी कम्युनिटी कॉलेजातून यूसीला गेली, इंजिनियरिंगला.

वरचा नऊ युनिटचा अपर डिव्हिजन जीईचा नियम कॅल स्टेटचा आहे. यूसीमध्ये प्रत्येक कॅम्पसचं, आणि कॅम्पसमधल्या प्रत्येक कॉलेजचं, जीई वेगळं असतं. इंजिनियरिंगवाले बऱ्याचदा म्हणतात की जीईची पूर्ण यादी भरू नका, आधी गणित-फिजिक्स-प्रोग्रामिंग संपवा. आम्ही ते उशिरा वाचलं. मुलीने एक आख्खा समर जीईची घरं भरण्यात घालवला आणि मेजरचा एक गणिताचा कोर्स राहून गेला. तो मग तिकडे जाऊन पहिल्याच टर्मला करावा लागला.

आणि युनिट बघताना सावध. बर्कली आणि मर्सेड सेमिस्टरवर चालतात, बाकीचे यूसी कॅम्पस क्वार्टरवर. सेमिस्टरचं एक युनिट म्हणजे क्वार्टरचं दीड. पोर्टलवर एकदम ९० युनिट बघून आम्ही घरात पेढे वाटले होते, ते आमचे साठच होते.


कोरीपाटी

सगळ्यांचे खरंच खूप आभार. काल रात्री पहिल्यांदा झोप लागली.

आज सकाळी रेकॉर्ड्स ऑफिसला फोन केला. ताई, तुम्ही म्हणालात तेच झालं होतं. ट्रान्सक्रिप्ट एप्रिलमध्ये गेलं होतं, स्प्रिंगचे ग्रेड नसलेलं. सर्टिफिकेशनची विनंतीच झाली नव्हती. मला वाटत होतं ते आपोआप जातं. आता दोन्हीसाठी अर्ज केलाय, अर्धवट सर्टिफिकेशनची खूणही केली आहे. पिवळ्या कागदावर अक्षरांशेजारी निळ्या पेनाने आकडे लिहिले. १ ते ६, एकही घर रिकामं नाही. बघून बरं वाटलं.

चार चौकोन काढले. शेवटून मागे येत गेले तर कळलं की पहिल्या सेमिस्टरला मेजरचे तीन कोर्स घेतलेच पाहिजेत, त्यातला एक फक्त फॉललाच असतो. मी तो सोडून देणार होते. त्यांच्याशेजारी एकच जीई, प्रत्यक्ष वर्गातला.

अमेरिकन इन्स्टिट्यूशन्समध्ये माझा इतिहास झालाय. घटना आणि कॅलिफोर्नियाचं शासन बाकी आहे. आमच्या कॅम्पसवर ४च्या अपर डिव्हिजनमध्ये कॅलिफोर्नियाच्या राजकारणाचा एक कोर्स सापडला, त्याच्यापुढे दोन्हीची खूण आहे. सिलॅबस मागवला: पाच पेपर, प्रत्येकी तीन पानं, आणि शहराच्या कौन्सिलच्या एका बैठकीला जाऊन तिथे काय झालं ते लिहायचं. मंगळवार-गुरुवार सकाळी साडेदहा. आत्ता सहा जागा शिल्लक दिसताहेत, माझी रजिस्ट्रेशनची वेळ दुपारी दोनची आहे.

ताई, एक विचारायचं राहिलं. तोवर सर्टिफिकेशन पोचलं नाही आणि साठ युनिटची तांबडी पट्टी आली तर?


जुनीवही

तर घाबरायचं नाही. तुझ्या कॉलेजच्या पोर्टलवरून अनऑफिशियल ट्रान्सक्रिप्ट डाउनलोड करून ने, स्प्रिंगच्या ग्रेडसकट, दोन छापील प्रती. सकाळी ओरिएंटेशनमध्येच ट्रान्स्फरच्या टेबलापाशी जा, दुपारच्या दोनची वाट बघू नकोस. सांग, "माझे साठ पूर्ण आहेत, ऑफिशियल यायचंय, या कोर्ससाठी ओव्हरराइड, म्हणजे पट्टी ओलांडून नाव घालायची परवानगी, हवाय." कोर्स नंबर आणि सेक्शन नंबर त्या प्रतीवरच वर लिहून ठेव, म्हणजे त्यांना टाइप करता येईल. बहुतेकदा तिथल्या तिथे होतं. नाही झालं तर तो कोर्स ज्या डिपार्टमेंटचा आहे त्यांच्या ऑफिसात जा, ओव्हरराइड त्यांच्याही हातात असतो.

कौन्सिलच्या बैठकीचं वाचून फार छान वाटलं. जाऊन आलीस की इथे लिही.